जुनं बी आधी

नीळकंठ मुळावकरांनी जन्मात मोजल्याशिवाय काही घेतलं नाही आणि सही घेतल्याशिवाय काही दिलं नाही. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये त्यांनी तेहतीस वर्षं काढली, आणि त्या तेहतीस वर्षांत एक वॉशरसुद्धा त्यांच्या हाताखालून चिठ्ठीशिवाय बाहेर पडला नाही. मोठमोठे इंजिनियर त्यांच्या जाळीच्या खिडकीपाशी येऊन रडकुंडीला येत. "मुलावकरजी, लाइन बंद पड़ी है, चार बोल्ट दे दीजिए, चिट बाद में भेज दूँगा." मुळावकर चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "तो लाइन भी बाद में चला लीजिए." कारखान्यात त्यांना कोणी मित्र नव्हता, आणि याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

आता असल्या माणसाला भाजीपाल्याचा नाद लागावा ही देवाची थट्टाच म्हणायची. पण क्वार्टरमागे वीस बाय तीस फुटांची काळी जमीन फुकट पडलेली, आणि कारखान्याच्या वसाहतीत त्या काळी करायला दुसरं होतं काय? पत्ते होते, क्लबातली नाटकं होती आणि साहेबाच्या बायकोबद्दल बोलणं होतं. मुळावकरांनी यवतमाळकडच्या आपल्या गावाहून पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांच्या काटेरी वांग्याचं बी आणलं. ते लागलं. मग दोडका आला, वाल आला, चवळी, भोपळा, लवंगी मिरची. राबायचं काम अर्थात बायकोचं, शशिकलाबाईंचं, कारण मुळावकर सकाळी सातच्या भोंग्याला जात आणि संध्याकाळी दमून येत. त्यांच्याकडे बी धरायचं, वाळवायचं, मोजायचं आणि लिहायचं खातं होतं. बागेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच, असं ते आल्यागेल्याला सांगत. आलागेला शशिकलाबाईंच्या हातातल्या खुरप्याकडे एकदा बघे आणि हो म्हणे.

वसाहतीत बागवान मित्र मंडळ नावाची एक संस्था होती. तिचं काम वर्षातून एकदा, जूनच्या दुसऱ्या रविवारी, पाऊस यायच्या आधी. क्लबच्या हॉलमध्ये बियांची अदलाबदल व्हायची. कोणी रुमालाच्या गाठीत भेंडीचं बी आणायचं, कोणी वर्तमानपत्राच्या पुडीत गिलक्याचं. कशात काय आहे याचा पत्ता नसे. एकदा एका बंगाली बाबूने भोपळा म्हणून लावलं आणि कलिंगड आलं. सगळी गल्ली तीन दिवस कलिंगड खाऊन हसली. मुळावकर मात्र हसले नाहीत. त्र्याहत्तर साली त्यांनी ही अदलाबदल स्वतःच्या हातात घेतली आणि तिचं स्टोअर्स करून टाकलं. तेव्हापासून बी फक्त मुळावकरांच्या माळ्यावरून येई, कोड नंबर घालून, सही घेऊन. दुसऱ्याचं बी ते घेत नसत, कारण ते कधी धरलं, कुठल्या झाडाचं, कसलाच दाखला नाही. नाव अदलाबदलीचं राहिलं, प्रत्यक्षात वाटप झालं. लोक बियांऐवजी घरून भजी करून आणू लागले.

आणि इथेच मुळावकरांनी ती चूक केली, जी जगात फक्त स्टोअर्सचा माणूस करू शकतो.

स्टोअर्सचा पहिला नियम असा की जो माल आधी आला, तो आधी बाहेर जाईल. खिडकीवर पाटीच होती: 'पहले आया, पहले जाएगा'. नियम शहाणपणाचा आहे. रबराच्या चकत्या, रंगाचे डबे, सिमेंटची पोती नुसती पडून राहिली तर वाया जातात. म्हणून जुना माल संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. मुळावकरांनी हाच नियम माळ्यावरच्या बियांना लावला. रबराच्या चकतीला कोंब फुटायचा नसतो आणि बियाला फुटायचा असतो, एवढी बारीकशी बाब सोडली तर त्यात काही खोट नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी हौसेने डबेच्या डबे भरून बी धरून ठेवलं होतं. ते खपेना. नवं बी रांगेत मागे, जुनं पुढे, अशी ती रांग लांबत गेली. एक्क्याण्णव साल उजाडलं तेव्हा माळ्यावरून त्र्याऐंशीचं बी बाहेर पडत होतं. माळा थेट स्लॅबखाली. भोपाळच्या मे महिन्यात तिथे हात घातला तर पोळत असे, आणि त्या भट्टीत आठ-आठ उन्हाळे काढलेलं ते बी मुळावकर सुबक पुड्यांत घालून लोकांना देत होते.

एक गोष्ट मात्र त्यांना कायम खुपत असे. दर एकतीस मार्चला ते डबे खाली काढून मोजणी करत, आणि दरवर्षी नव्या डब्यांत तूट येई. फार नाही, वांग्याचं चमचाभर, चवळी मूठभर. कारखान्यातल्या लाखो नटबोल्टांत कधी एकाचा फरक आला नाही आणि घरच्या वांग्यात यावा! त्यांनी वहीत शेऱ्याच्या रकान्यात 'उंदीर' असं लिहिलं. पिंजरे लावले, एक मांजर आणलं. पिंजऱ्यात कधी काही सापडलं नाही आणि मांजराने दूध पिण्यापलीकडे काही केलं नाही. तरी दरवर्षी शेरा तोच.

त्या वर्षी तीस जूनला मुळावकर रिटायर होणार होते. दोन महिन्यांत क्वार्टर रिकामं करायचं होतं. नेहरूनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन ठेवला होता. त्याच्या बाल्कनीत माणूस उभा राहिला नाही तर दोन कुंड्या मावत होत्या. बाग सुटणार याचं त्यांना दुःख होतं, पण ते बोलून दाखवायचे नाहीत. त्यांना एकच हवं होतं: आपण गेल्यावर वसाहतीत आपलं नाव राहावं. रस्त्याला कोणी स्टोअरकीपरचं नाव देत नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी वांग्यावर समाधान मानलं होतं. लोकांनी पुढची वीस-पंचवीस वर्षं भाजी चिरताना म्हणावं, हे मुळावकर वांगं. त्यासाठी टी. टी. नगरच्या एका छापखान्यातून तीनशे लेबलं छापून आणली. हिरवी किनार, आत दोन ओळी: 'किस्म' आणि 'कोड'. किस्मच्या पुढे वांग्यापुरतं 'मुळावकर' लिहायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बायकोला सांगितलं नव्हतं, कारण ती हसली असती.

महिनाभर पुड्यांचं काम चाललं होतं. जुन्या कॅलेंडरचे जाड कागद कापून त्यांनी तळहाताएवढ्या पाकिटांचे तुकडे केले. ऑफिसचा कागद फुकट मिळाला असता, पण सरकारी कागदात स्वतःचं वांगं भरणारे ते नव्हते. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकलं. खळीला आलेल्या निळ्या रंगामुळे बोटं आठवडाभर निळी. स्टीलच्या ताटात बी पसरायचं, विणायच्या सुईच्या टोकाने पाच-पाच ओढायचं, वांग्याचं वीस, दोडक्याचं पंधरा, भोपळ्याचं दहा. फुंकर मारायची नाही, पंखा लावायचा नाही. भर मे महिन्यात पंखा बंद करून हा माणूस बनियनवर बसे, आणि घाम ताटात पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधे. शशिकलाबाई त्यांना ओलांडून स्वयंपाकघरात ये-जा करत. "अहो, एकोणीस भरलं तर वांग्याला कळतं का?" "वांग्याला नाही कळत," मुळावकर म्हणत, "मला कळतं." अशा दोनशे चौदा पुड्या झाल्या. बाटाच्या खोक्यांत उभ्या लावल्या, कोडप्रमाणे. नुसतं बघून कोणालाही समाधान वाटावं असं ते काम होतं, आणि मुळावकर दिवसातून दोनदा नुसतं बघतही असत.

मंडळाने त्यांना अदलाबदलीच्या दिवशी मानपत्र द्यायचं ठरवलं होतं. ते लिहायचं काम समोरच्या क्वार्टरमधल्या अच्युत भाटवडेकरांकडे आलं. मूळचे पुण्याचे भाटवडेकर कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. घरी दूध आलं तरी ते आधी चमच्याने ढवळून, उजेडाकडे धरून बघत. ते एका संध्याकाळी येऊन म्हणाले, "नीळकंठराव, मानपत्रात एक वाक्य घातलंय, 'उत्तम प्रतीचे बियाणे'. खाली माझी सही आहे. तेव्हा नमुना द्या."

"कसला नमुना?"

"बियांचा. तपासल्याशिवाय 'उत्तम' कसं लिहू?"

दुसऱ्या कोणी अपमान मानला असता. मुळावकरांना उलट बरं वाटलं. पद्धतशीर माणूस वसाहतीत आपल्याशिवाय आणखी एक आहे म्हणायचा. त्यांनी आठ पुड्या काढून दिल्या आणि सही घेतली.

अकराव्या दिवशी, अदलाबदलीच्या आधीच्या बुधवारी, भाटवडेकर परत आले. हातात टाइप केलेला कागद. ते बसले, पाणी प्यायले, पावसाबद्दल बोलले, मग कागद पुढे सरकवला. आठ प्रकार, प्रत्येकी दहा बिया, ओल्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवलेल्या. एकूण ऐंशी. उगवलेल्या तीन, त्याही चवळीच्या. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: अस्वीकृत.

"फडकं वाळलं असेल," मुळावकर म्हणाले.

"दिवसातून तीनदा पाणी शिंपडलंय. वेळा लिहिल्यात खाली."

"वांग्याला उशीर लागतो."

"नीळकंठराव, वांगं कुजलंय. वास येतोय. आई कालच म्हणाली, फेक ते." भाटवडेकरांनी चष्मा पुसला. "मानपत्रातलं ते वाक्य मी तूर्त काढून ठेवतो."

ते गेल्यावर मुळावकरांनी तो कागद पुन्हा तीनदा वाचला. त्यांनी आयुष्यात कधी कोणाचा तपासणी अहवाल खोटा म्हटला नव्हता, त्यामुळे हाही म्हणता येईना. पण मग एक कोडं राहत होतं. दर दिवाळीला चारही बाजूंनी वांगी, दोडके, भोपळे घरी येत आणि देणारा म्हणे, "भाईसाहब, आपका ही बीज है." मेलेल्या बियाला दोडके कसे लागले? याला एकच उत्तर होतं. सगळे खोटं बोलत होते. आपली पुडी कचऱ्यात टाकायची, बाजारातून भाजी आणायची आणि म्हाताऱ्याला खूश करायला दारात येऊन सांगायचं. मुळावकरांची कानशिलं तापली. ते पायात चपला घालून मागच्या गल्लीत गेले आणि कुंपणाकुंपणातून डोकावत चालू लागले.

शेजारच्या मीना तिवारींच्या मागच्या वाफ्यात वांगी होती. मुळावकर वाकले. पांढरे-हिरवे पट्टे, देठाला काटे, पानाच्या शिरेवरही काटे. असलं वांगं भोपाळच्या कुठल्या बाजारात मिळत नाही. पलीकडे तारेवर दोडका चढलेला, तोही त्यांचाच, आखूड, धारेच्या कडांचा. ते चक्रावले. इतक्यात मीनाबाई कपडे वाळत घालायला बाहेर आल्या.

"अरे भाईसाहब! आइए न."

"ये बैंगन का बीज कहाँ से आया?"

"आप ही का तो है."

"मेरी पुड़िया से निकला?"

मीनाबाईंनी ओली चादर पिळता पिळता त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगावं की नको याचा विचार त्यांच्या तोंडावर उघड दिसत होता. "पुड़िया से तो... देखिए, पुड़िया भी हम रखते हैं सँभाल के. पर बोने वाला तो भाभीजी अलग से देती हैं न. कटोरी में." एवढं बोलून त्यांनी चादर स्वतःच्या आणि मुळावकरांच्या मध्ये दोरीवर टाकली.

शशिकलाबाई ओट्याखाली बसून तुरीची डाळ निवडत होत्या.

"तिवारींकडे बी कोणी दिलं?"

"मी." त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"कुठून?"

"माळ्यावरून. मागच्या रांगेतल्या डब्यांतून. तुम्ही ड्युटीवर गेलात की."

"चिठ्ठी?" मुळावकरांच्या तोंडून निघून गेलं.

शशिकलाबाईंनी ताट खाली ठेवलं. "चिठ्ठी! पहिल्याच वर्षी, त्र्याहत्तर साली, बायका मला पाण्याच्या टाकीपाशी गाठून विचारायच्या, भाभीजी, भाईसाहब बीज भून के देते हैं क्या? भाजलेलं बी वाटतात म्हणे तुमचे मिस्टर! मान वर करायची सोय नव्हती मला. तुम्हाला सांगितलं होतं नं मी? एकदा नाही, दोनदा. काय म्हणाला होता आठवतंय?"

मुळावकरांना आठवत होतं. बी चांगलं आहे, या लोकांना लावता येत नाही, असं ते म्हणाले होते.

"मग मी सांगणं सोडलं आणि देणं सुरू केलं. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, एवढं शिकवलंय मला आईनं. कढीची वाटी परत गेली की तिच्यात एक पुडी. खिरीची गेली की दोन. त्यांच्याकडूनही यायची हो, मेथी, धने, त्या केरळच्या बाईकडची लांब चवळी. खरी अदलाबदल वाटीतच चालली होती अठरा वर्षं, तुमच्या हॉलमध्ये नुसती भजी खायला यायचे लोक. आणि आपल्या बागेत काय तुमचं त्र्याऐंशीचं बी लागतंय असं वाटलं तुम्हाला? तुम्ही मोजून दिलेलं सगळं मी खताच्या खड्ड्यात टाकत होते. तुमचं नाव राहिलं ते माझ्या चोरीनं राहिलं, समजलं का?"

आता इथे दुसरा नवरा चिडला असता, किंवा विरघळला असता. मुळावकर म्हणाले, "किती काढायचीस?"

"काय किती?"

"दरवर्षी. मापानं सांग."

"वांग्याचं चमचाभर. चवळी, वाल मूठ-मूठ. का?"

मुळावकर उठले, वही घेऊन आले आणि जमिनीवर बसून पानं उलटू लागले. अठ्ठ्याहत्तर, वांगे, तूट एक चमचा. ऐंशी, चवळी, तूट एक मूठ. पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी. अठरा वर्षांची तूट त्यांच्या बायकोच्या मुठीत तंतोतंत बसत होती. "म्हणजे माझी मोजणी बरोबर होती!" ते एवढ्या जोरात ओरडले की ओट्यावरचं मांजर उडी मारून बाहेर गेलं. अठरा वर्षं त्यांना आतून भीती होती की आपले डोळे गेले, हात कापू लागला, आता कारखान्यातही कधीतरी चूक होणार. ती भीती एका क्षणात गेली. शशिकलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं सोबत काढूनही हा माणूस कशाने सुखावेल ते आपल्याला सांगता येत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

आनंद पाच मिनिटं टिकला. मग वही बाजूला पडली आणि मुळावकरांना फार वाईट वाटलं. चोरीचं नाही. अठरा वर्षं दर जूनला आपण मेलेलं बी मोजून, कोड घालून, सही घेऊन लोकांना देत होतो, आणि लोक ते हसून घेत होते, 'धन्यवाद भाईसाहब' म्हणत होते, याचं. सगळ्या वसाहतीला माहीत होतं आणि सगळी वसाहत त्यांना सांभाळून घेत होती. कोपऱ्यात बाटाची खोकी ओळीने लावलेली होती. ती त्यांना बघवेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रजा टाकली. तेहतीस वर्षांत ही अशी पहिलीच. मग त्यांनी उरलेल्या दोनशे सहा पुड्या रीतसर निकामी केल्या. उगाच फेकून देणं त्यांच्याच्याने झालं नसतं. कागद घेतला, यादी केली, कारण लिहिलं, 'मुदत उलटली', खाली सही केली. साक्षीदाराची सही लागते म्हणून कागद बायकोपुढे धरला. शशिकलाबाईंनी पिठाचे हात पुसले आणि सही केली. मग दोघांनी एकेक पुडी फोडून खताच्या खड्ड्यात रिकामी केली. कागदाचे लिफाफे मुळावकरांनी परत वापरायला ठेवून दिले, कारण लिफाफ्यांचा काही दोष नव्हता.

माळ्यावरच्या मागच्या रांगेतला या वर्षीचा डबा त्यांनी खाली आणला. झाकणावर हात ठेवून बसले. मधली सात वर्षं तिथे जागच्या जागी होती, त्र्याऐंशीच्या पाठची सगळी, आणि रांग मोडून शेवटचा डबा उघडायचा म्हणजे जन्मभर ज्याला खिडकीवरून हाकललं त्या माणसालाच आत घेण्यासारखं होतं.

"उघडता का मी उघडू?" शशिकलाबाई म्हणाल्या. "मला सवय आहे."

त्यांनी उघडला. मोजलं. सगळं मिळून एक्केचाळीस पुड्या होत होत्या, आणि वांग्याच्या त्यात फक्त नऊ. वसाहतीत मंडळाची साठ घरं. मुळावकर बोटांवर मोजत बसले, तोवर शशिकलाबाई पदर खोचून मागच्या दाराने बाहेर पडल्या होत्या. दुपारपर्यंत त्यांनी दोन गल्ल्या केल्या. प्रत्येक कुंपणावर एकच निरोप: रविवारी येताना आपापल्या बागेतलं बी घेऊन या, या वर्षीचं, भाईसाहब घेणार आहेत. ऐकणाऱ्या निम्म्या बायकांचा विश्वास बसला नाही, आणि उरलेल्या निम्म्यांनी विचारलं की भाईसाहबांची तब्येत बरी आहे ना.

रविवारी सकाळी दहाला हॉल भरला. अठरा वर्षांत पहिल्यांदा लोक भज्यांऐवजी बी घेऊन आले होते. वाट्या आल्या, औषधाच्या बाटल्या आल्या, लग्नपत्रिकेची पाकिटं आली, एक सरदारजी टूथब्रशच्या डबीत मिरचीचं बी घेऊन आला. मुळावकर टेबलामागे बसले. समोर लेबलांचा गठ्ठा, रिकामे लिफाफे, ताट, विणायची सुई. शशिकलाबाई शेजारी बसून पुड्या चिकटवत होत्या. घ्यायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मुळावकरांना थोडं अवघडल्यासारखं झालं होतं. प्रत्येकाला ते दोनदा 'थँक यू' म्हणत होते.

पहिल्यांदा सक्सेनाबाबू आले. त्यांच्या पुरचुंडीत वांग्याचं बी होतं, जाड, पिवळसर, भरलेलं. मुळावकरांनी ते बोटांत चोळून पाहिलं आणि त्यांना आत कुठेतरी बरं वाटलं. त्यांनी लेबल ओढलं, पेन काढलं. मनातलं नाव लिहायची वेळ आली होती. तरी सवयीने त्यांनी विचारलं, "किस्म?"

"अरे यही अपना, शशि भाभी वाला."

मुळावकरांचं पेन थांबलं. "नाम क्या है?"

"यही नाम है. शशि भाभी का बैंगन. पूरी कॉलोनी में यही बोलते हैं."

पुढची बाई आली, तिच्या वाटीतही वांगं. "किस्म?" "शशिकला बैंगन." तिसरी तर नव्याने बदली होऊन आलेली, मुळावकरांना ओळखतही नव्हती. तिने जबलपूरहून, आपल्या माहेराहून बी आणलं होतं. "हमारे यहाँ सब यही लगाते हैं, अंकल. शशिकला. बहुत मीठा होता है. पता नहीं किसके नाम पर है."

शशिकलाबाई खळ ढवळत खाली बघत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे मुळावकरांना त्या कानांवरून कळलं.

आता मनात आणलं असतं तर ते 'मुळावकर' लिहू शकत होते. पेन त्यांच्या हातात, लेबलं त्यांच्या खर्चाने छापलेली, आणि भांडायला कोण येणार होतं? पण माल ज्या नावाने मागितला जातो तेच नाव डब्यावर असावं, नाहीतर शोधणाऱ्याला सापडत नाही; हेही स्टोअर्सनेच त्यांना शिकवलं होतं. जबलपूरच्या बायका 'मुळावकर' शोधणार नव्हत्या. त्यांनी किस्मच्या पुढे, आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, शशिकला असं लिहिलं. मग दुसऱ्या पुडीवर. मग तिसऱ्या.

मधेच भाटवडेकरांनी मानपत्र वाचलं. 'उत्तम प्रतीचे बियाणे' हे वाक्य परत घातलं होतं, पुढे 'पुनर्तपासणीच्या अधीन' असं जोडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुळावकरांनी उभं राहून नमस्कार केला आणि लगेच खाली बसले, कारण रांग खोळंबली होती.

बाराच्या सुमाराला बावन्न पुड्या झाल्या. दोघांची बोटं निळी झाली होती. शशिकलाबाईंनी एक पुडी उचलून लेबल वाचलं आणि हळू आवाजात, कोणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाल्या, "अहो, नुसतं शशिकला काय लिहिता? पुढे मुळावकर घाला नं. बी तुमच्या गावचं, माळा तुमचा. मी फक्त चोरलं."

मुळावकरांनी पुडी त्यांच्या हातातून घेतली, लेबल डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि परत दिली.

"जागा नाही," ते म्हणाले, आणि पुढचा लिफाफा ओढला.

लेबलावर चांगली तीन बोटं जागा होती.